इंटरव्हलनंतरचा अर्धा पिक्चर

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर वाद नको. भुतंखेतं, करणी, अंगात येणं यावर माझा काडीचाही विश्वास नाही. अकोल्यात मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. वर्गात कोणी "मॅडम, आमच्या गावच्या विहिरीत..." असं सुरू केलं, की मी त्याला फळ्यापाशी बोलावते आणि आवाजाच्या वेगावरून त्या विहिरीची खोली काढायला लावते. मुलं मागे मला काय म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे. तुमचे इथले अनुभवही मी चहासोबत हसत हसत वाचते, राग मानू नका. पण एक गोष्ट माझ्याकडेही आहे... आणि ती मला वीस वर्षं फळ्यावर मांडता आलेली नाही.

गोष्ट वलगावची. अमरावतीच्या अगदी जवळचं, मोठं गाव. पेढी नदीच्या अंगाला आमचं चार एकर वावर. मी तेव्हा अमरावतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. शेतीची ती वाईट वर्षं — बोंडअळी, लहरी पाऊस, पडलेले भाव, आणि पेपर उघडायची भीती वाटावी अशा बातम्या. बाबांनी शेवटी अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये फिटरची नोकरी धरली. सगळ्यांना वाटलं आता वावर काका बटईनं, निम्म्या वाट्यानं, करणार. आई म्हणाली, मी करते. काका हसला. बायकांच्यानं वावर होत नाही, म्हणाला, पण एक वर्ष करून पाहा. कापूस धड घरी आला तर तुझं वावर तुझं, नाही तर पुढच्या साली नांगर माझा. आईनं मात्र ते वर्ष कंबर कसून केलं. पऱ्हाटी बरी उभी राहिली, डिसेंबरात वावर पांढरं झालं. आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून यायला लागलं.

फुटलेल्या कापसावर पाऊस पडला की काय होतं ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी — तो काळवंडतो, लोळतो, आणि त्याच्याबरोबर वर्षही जातं. म्हणजे चार-पाच दिवसांत सगळी वेचणी व्हायला हवी होती. आणि वेचायला बाया त्याच, गावातल्या दहा-बारा. आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागूनच काकाचं वावर, तेही पांढरं झालेलं. काका दुपारी बायांना भजी द्यायचा. गरम, मिरचीची. आईकडे भज्यांची सोय नव्हती. आईकडे मी होते.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. वेचणीला बाया ओळीनं पाती, म्हणजे आपापल्या वाट्याची तासं, धरून चालतात, कमरेच्या ओटीत कापूस टाकत. त्यांच्यातल्या जिनं पिक्चर पाहिला असेल तिनं तो सांगायचा. सांगणारीनं वेचायचं नाही, ओळीच्या मधोमध रिकाम्या हातानं चालायचं, आणि तिची पात दोन्ही बाजूच्या बायांनी वेचून घ्यायची. म्हणजे सांगणं हेही कामच. मी कॉलेजला जायला लागल्यापासून ते काम माझ्याकडे आलं होतं, कारण मॅटिनीला जाणारी मी एकटीच.

मी सांगायची ते फक्त सस्पेन्स. भुताचे नाही — हवेलीबिवेली, पांढरी साडी, असलं काही नाही. माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते कळत नाही, असले पिक्चर. नवरा गोड बोलतो पण त्याचे डोळे हसत नाहीत... असले. मारामारीचा पिक्चर सांगून पाहिला, बायांना जांभया आल्या. प्रेमाचा सांगितला, तर शेवंताकाकू म्हणाली, दोघं लग्न करतीन आणि मंग रडतीन, त्यात काय पाह्याचं. पण "दाराआड कोण होतं ते उद्या सांगते" म्हटलं की दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला दहा जणी धुऱ्यावर हजर. मी एकदा विचारलं, घरी इतक्या काळज्या असताना तुम्हाला हे भीतीचं का आवडतं? कापूस वेचता वेचता शेवंताकाकू म्हणाली, "त्याच्यात कोणी केलं ते शेवटी तरी समजते वं. आपल्या घरात कोणी केलं ते कुठं समजून राह्यलं?" सिनेमावर मी नंतर पुष्कळ वाचलं, पण यापेक्षा खरं काही वाचनात आलेलं नाही.

तर वेचणी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, सोमवारी, मी अमरावतीला त्याच दिवशी लागलेला एक नवा सस्पेन्स पाहायला गेले, पहिल्याच शोला. मुद्दाम गेले, आईनं पाठवलं म्हणा ना. नायिकेला एका संध्याकाळचं काहीच आठवत नाही, आणि त्याच संध्याकाळी तिची नणंद घरातून नाहीशी झालेली. नवरा, डॉक्टर, माळी — सगळ्यांवर संशय. इंटरव्हलला नायिकेला नणंदेची बांगडी सापडते, ती स्वतःच्याच कपाटात. मी खुर्चीच्या टोकावर. आणि इंटरव्हलनंतर लाइटच गेले नाहीत. त्या वेळी एकच प्रिंट दोन टॉकीजमध्ये चालायची. इकडे अर्धा संपला की रिळांचे डबे सायकलवरून तिकडे, तिकडचे इकडे. त्या दिवशी उरलेल्या अर्ध्याच्या नावानं जे डबे आले त्यात भलताच पिक्चर निघाला. तासभर बोंबाबोंब झाली. शेवटी मॅनेजरनं पैसे परत केले आणि दुसऱ्या दिवशी फळीवर दुसरंच पोस्टर लागलं. म्हणजे लक्षात घ्या — तो पिक्चर इंटरव्हलनंतर अमरावतीत कोणीच पाहिला नाही.

हे मी आईला सांगितलं नाही. ती बिचारी बायांना सांगून आली होती की पोरीनं असा पिक्चर आणलाय की भजी विसराल.

मंगळवारी सुरू केलं. सव्वा तासाचा माल मी तीन दिवस पुरवला. नायिकेला जिन्यावरून एकदा उतरवायला मला सकाळचे दीड तास लागले. बुधवारी बांगडी दिसता दिसता राहिली. गुरुवारी दुपारी, शिदोऱ्या सोडून उठलो तेव्हा, शेवटचं एक एकर उरलं होतं आणि मला बांगडी काढावीच लागली. आभाळ इतकं खाली आलं होतं की नदीकडची झाडं दिसेनात. धुऱ्यापलीकडून काकाच्या गड्यानं हाक दिली, भजी झाली, कोणाला यायचं ते या, उरलेलं उद्या वेचा. दोघी-तिघींनी माना तिकडे वळवल्या. शेवंताकाकू म्हणाली, "बांगडी सापडली. मंग?"

मग... मला काहीच सुचेना. माळ्याला खुनी करायचं ठरवून आले होते, पण ऐन वेळी ते मलाच पटेना. आई लांब, बैलबंडीपाशी वजनाचा काटा लावून उभी. तिच्या वर्षाचं काय होणार ते पुढच्या माझ्या वाक्यावर होतं, आणि ते वाक्य माझ्याकडे नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात परत वाटलेली नाही.

तेवढ्यात ओळीच्या टोकाकडून आवाज आला. जैतूनखालांचा. साठीच्या बाई, गावातल्याच. दर वर्षी वेचणीला यायच्या, शेवटची पात धरायच्या आणि दिवसभरात चार शब्द बोलायच्या. उभ्या जन्मात टॉकीजची पायरी चढल्या नव्हत्या. अंधारात बसून काय पाहू, उजेडात कामं पडलेत, म्हणायच्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "माळी नाही बेटा. तिले कोणी मारलंच नाही."

आणि सांगायलाच लागल्या. नणंद स्वतः पळाली होती. घरचे तिचं जबरदस्तीनं लग्न लावत होते, म्हणून भावजयीनंच तिला त्या संध्याकाळी नदीपार पोचवलं, कोणाला सांगणार नाही असं वचन दिलं, आणि वचन इतकं घट्ट धरलं की स्वतःच विसरून गेली. डॉक्टरला हे माहीत होतं. शेवटी नायिका नदीपलीकडे एका घरापाशी पोचते, तर ओसरीवर एक हिरवी छत्री उलटी वाळत टाकलेली, एक काडी मोडकी. त्या संध्याकाळी तिनंच नणंदेला दिलेली ती छत्री पाहते आणि तिला सगळं आठवतं. खाला असं सांगत होत्या की वारा थांबला असं वाटत होतं. भज्यांकडे कोणी फिरकलं नाही. छत्रीपाशी आलो तेव्हा शेवंताकाकू डोळे पुसत वेचत होती, आणि दिवस मावळायच्या आत शेवटची पात संपली. कापूस बंडीत भरून, ताडपत्री बांधून घरी नेला. पाऊस पहाटे आला.

मी समजले, खालांनी रचून सांगितलं. मनात म्हटलं, काय बाई आहे, मुंबईत असती तर लेखक झाली असती.

तीन आठवड्यांनी बाबांकडे अकोल्याला गेले, तर तिथे तोच पिक्चर लागलेला. बाबांना ओढून नेलं. इंटरव्हलनंतर नणंद जिवंत निघाली तेव्हा मी म्हटलं, असेल, अंदाज बरोबर आला. डॉक्टरला माहीत होतं हे कळलं तेव्हा जरा सरसावून बसले. मग नदी आली, ओसरी आली... आणि ओसरीवर हिरवी छत्री. उलटी. एक काडी मोडकी. मी बाबांचा हात इतका दाबला की त्यांच्या हातातले शेंगदाणे सांडले. ते म्हणाले, "काहून वं, इतकी काय भेली? छत्री तं आहे."

गावी आल्यावर धावत शेवंताकाकूकडे गेले. म्हटलं, काकू, खालांनी सांगितलं ते सगळं खरं निघालं. काकू माझ्याकडे पाहतच राहिली. खालांनी कधी काय सांगितलं, म्हणाली. पिक्चर तर तूच सांगितला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला वाटलं गंमत करतेय. मी आणखी चौघींना विचारलं, वेगवेगळं गाठून. चौघी हेच म्हणाल्या. आणि खाला? त्या हसल्या. "म्या कुठं? तूच तं सांगत होती. मी ऐकून राह्यली होती, छत्रीपाशी मले रडू आलं."

म्हणजे मी सांगितला असं धरू. मग न पाहिलेला अर्धा पिक्चर, छत्रीच्या काडीसकट, माझ्या डोक्यात आला कुठून? शिवाय त्या रात्री माझी बोटं नखांपाशी सोलली होती, बोंडांच्या वाळल्या टोकांनी. हळद लावल्याचं मला आठवतं, आईलाही आठवतं. सांगणारी तर वेचत नाही. बरं, खालांनी सांगितला असं धरू. तर त्या दिवशी काट्यावर सगळ्यांत जास्त कापूस खालांचाच भरला होता. मीही वेचत होते, त्याही वेचत होत्या... मग ओळीच्या मधोमध चालत होतं कोण?

मी यावर खूप डोकं लढवलं आहे. जागेपणी झोप लागणं, सामूहिक भास, कुठे तरी ट्रेलर पाहिला असेल — सगळं लावून पाहिलं. ट्रेलरमध्ये शेवट कोणी दाखवत नाही, आणि नागपूरला ज्यांनी पाहिला असेल त्यातलं आमच्या ओळखीचं कोणी नव्हतं. खाला आता बाळापूरला मुलीकडे असतात, मी अजून भेटायला जाते, त्या चहा पाजतात आणि छत्रीवाला पिक्चर परत सांग म्हणतात. मी सांगते. भीती म्हणाल तर मला त्याची कधीच वाटली नाही. उलट त्या दुपारची आठवण झाली की अजून बरं वाटतं. पण कसं झालं ते मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं मी सांगणार नाही.

आईनं पुढे बारा वर्षं ते वावर स्वतः केलं. काकानं पुन्हा नांगराचं नाव काढलं नाही, आणि भजी मात्र नंतर आमच्याही बायांना पाठवायला लागला. गेल्या दिवाळीत मी आईपाशी कबूल केलं की तो पिक्चर मी अर्धाच पाहिला होता. ती म्हणाली, तिला तेव्हाच समजलं होतं. एका जिन्यावरून उतरायला कोणत्या बाईला सकाळ लागते. मग मी इतकी वर्षं ठेवलेला प्रश्न विचारला. तू तर तिथेच होतीस, काट्यापाशी, सगळी ओळ तुझ्यासमोर. गुरुवारी दुपारनंतर कोण सांगत होतं?

आई लसूण सोलत होती. थोडा वेळ तिनं खरंच आठवून पाहिलं.

"आवाज येत होता," ती म्हणाली. "कोणाचा ते म्या पाह्यलंच नाही. मी पाती पाहून राह्यली होती."