अकरा नंबरची नाडी

आमची सिस्टर एकेकाळी इतकी बडबडी, की ती वॉर्डात शिरली की पेशंट उठून बसायचे. मी तिथली मावशी. फरशी पुसते, बेडपॅन उचलते, पण डोळे माझे उघडे असतात. चार सिस्टरांच्या जागी दोनच उरल्या, पेशंट मात्र चौतीसचे चौतीस, आणि बाईचं बोलणं हळूहळू आटत गेलं. डबा खायची तो एकटीच, भिंतीकडे तोंड करून. घरी तरी कोण होतं? नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन लांब. रजेचे तीन अर्ज दिले, तिन्ही मेट्रननं "बदली माणूस नाही" म्हणून परत केले. मेट्रनच्या तरी हातात काय असतं म्हणा.

कामं उरकत नाहीत, म्हणून बाकीच्या वॉर्डांतल्या सिस्टर करतात तेच ही करू लागली: आधीचे आकडे बघून नाडी-तापाचे तक्ते टेबलाशी बसूनच भरायचे. एके दुपारी दोन वाजता तिनं अकरा नंबरच्या आजोबांची नाडी अठ्ठ्याहत्तर लिहिली. खाली "झोप शांत" असंही. आजोबा सकाळी दहालाच गेले होते. त्यांची फाइल तेवढी गठ्ठ्यातून काढायची राहिली होती. त्यांचे डोळे मिटले तेही हिनंच.

मेट्रननं लेखी खुलासा मागितला. आधीचा एक मेमो होताच, आता नोकरीवर गदा येणार हे शेंबडं पोरही सांगेल. मी म्हटलं, "अहो सिस्टर, बेड नंबर चुकला असं लिहा आणि मोकळ्या व्हा. कोण बघायला येतंय?"

तिनं लिहिलं, "मी बेडकडे पाहिलंच नाही."

डोक्यावर पडलीय का ही, असं वाटलं मला. भयंकर राग आला.

पंधरा दिवसांचं निलंबन झालं. कागद वाचून तिनं एवढंच विचारलं, "आजपासूनच ना?"

चौथ्या दिवशी ड्यूटी संपवून मी तिच्या घरी गेले. केस विस्कटलेले, चेहरा सुजलेला. तीन दिवस नुसती झोपून होती म्हणे, आणि त्या सकाळपासून रडू थांबत नव्हतं.

"दोन वर्षांत रडले नव्हते हो मावशी," ती म्हणाली.

मी जवळ बसून पाठीवरून हात फिरवत राहिले. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "अकरा नंबरच्या आजोबांचं नाव काय होतं?"

नऊ दिवस मी त्यांच्या खाटेखालची फरशी पुसली होती. मलाही माहीत नव्हतं.