मराठी बंद केलेलं घर

सव्वा महिना झाला. बँकेत जेवणाच्या सुट्टीत डबा उघडत होते, तेवढ्यात जुईचा फोन आला, "मम्मी, आत्या उठ नहीं रही." टावर चौकातून नानाखेड्याला रिक्षानं घरी पोचले, तेव्हा विमलताई, माझी नणंद, खाटेवर कुशीला वळून निजल्या होत्या आणि माझी चौदा वर्षांची लेक त्यांचे तळपाय चोळत बसली होती. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या. शेजारच्या बायका म्हणाल्या, पुण्यवान होत्या. असतील... मला मात्र त्या दिवशी त्यांचा रागच आला होता. असं न सांगता कोणी जातं का?

आमचं दोघींचं फारसं जमायचं नाही, हे आता लपवून काय करू? ताईंनी लग्न केलं नाही. सरकारी दफ्तरात आवक-जावकच्या टेबलावर जन्म काढला आणि रिटायर झाल्यावर आमच्याकडे राहायला आल्या. घरातही त्यांचं दफ्तरच चालायचं. दूधवाल्याला सुट्टी सांगायची तरी चिठ्ठी लिहून, तारीख घालून. मी चिडायचे, नवरा हसायचा.

जुई तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. पाढे, कविता सगळं तोंडपाठ, पण लिहायला बसली की घामाघूम. फळ्यावरची निम्मी अक्षरं वहीत पोचायचीच नाहीत. शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, "घर में मराठी, स्कूल में हिंदी-इंग्लिश, बच्ची कन्फ्यूज़ हो रही है. घर पर हिंदी ही बोलिए." आम्हाला लगेच पटलं. चार पिढ्या उज्जैनमध्ये काढलेली माणसं आम्ही, आमची मराठी तशीही अर्धी हिंदीच. सोडायला कितीसा त्रास होणार? त्या दिवसापासून आम्ही दोघांनी लेकीशी मराठी बंद केली. आपसात बोलायचो, पण ती आली की हिंदी. आईची मी मम्मी झाले. तिला रागवायचे तेही हिंदीत, जवळ घ्यायचे तेही हिंदीत. अक्षरं काही सुधारली नाहीत. पोर तेवढी गप्प गप्प होत गेली.

ताईंनी एकट्यांनी ऐकलं नाही. त्या तिच्याशी मराठीतच बोलायच्या. "भाषेचं काही नाही गं. विचारलं की सगळं बरोबर सांगते, कागदावर तेवढं उतरत नाही. कुणाला तरी दाखव." यावर मी काय बोलले ते लिहायला आजही हात धजत नाही. म्हटलं, "तुम्हाला लेकरू नाही, तुम्हाला काय कळणार त्यातलं?" त्या गवारीच्या शेंगा मोडत होत्या, मोडत राहिल्या. पुढच्या आठवड्यात जुईला घेऊन बसनं इंदूरला गेल्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं की मुलगी हुशार आहे, अडचण फक्त लिहिण्यावाचण्याची आहे, शाळेत मदत मिळाली तर निभावेल. आणि मराठी बंद करायला कुणी सांगितलं होतं, असंही विचारलं.

डॉक्टरबाईंनी दिलेलं सर्टिफिकेट घेऊन मी शाळेत गेले. प्रिन्सिपल गोड हसून म्हणाल्या, "हमारे यहाँ ऐसे बच्चों की व्यवस्था नहीं है, कहीं और देख लीजिए." मी रडत परत आले. ताईंनी चष्मा लावला आणि अर्ज लिहिला, दोन प्रतींत. "दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय अर्ज दिला असं म्हणायचंच नाही," म्हणाल्या. शाळेचे बाबू शिक्का देईनात. मग ताई डबा घेऊन ऑफिसातल्या बाकावर जाऊन बसल्या. भांडल्या नाहीत, आवाज चढवला नाही. शाळा सुटेपर्यंत नुसत्या बसून. असे तीन दिवस. तिसऱ्या दिवशी बाबूंनीच हात जोडले, "माताजी, लाइए, लगा देता हूँ." मग दर पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, मागच्या पत्राचा हवाला देऊन. वर्ष गेलं त्यात. पण जुईला पेपराला जास्तीचा वेळ मिळाला, लिहून द्यायला लेखनिक मिळाला, आठवड्यातून दोनदा शिकवायला खास वेगळ्या मॅडम येऊ लागल्या. पोर शाळेत टिकली. हे सगळं माझ्या हातून झालं नसतं. आणि त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मात्र मी कधी मागितली नाही... आज मागू, उद्या मागू करत राहिले.

वाटलं होतं, आता मराठीही परत येईल. नाही आली. मी मराठीत विचारायचे, जुई हिंदीत उत्तर द्यायची, अगदी अदबीनं. ताईंशी मात्र तासन्‌तास मराठी. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत त्या दोघींचं हसणं ऐकायचे. माझ्याच घरात मी पाहुणी होते.

आता जुई संध्याकाळी ताईंच्या खोलीत बसते. पुस्तकातला धडा हिंदी असतो, ती स्वतःलाच तो मोठ्यानं मराठीत समजावून सांगते, ताई सांगायच्या तसा. परवा मी आत गेले आणि खाटेवर बसले. ती थांबली. "मलाही सांग ना," मी म्हटलं.  खाली बघतच ती म्हणाली, "मम्मी, आपसे मराठी में शरम आती है."

म्हटलं, बरं, हिंदीत सांग. तिनं सगळा धडा हिंदीत सांगितला, नीट, न चुकता. ती उशीकडे बसली होती, मी पायथ्याशी. मधली ताईंची जागा आम्ही दोघींनीही मोकळीच ठेवली होती.