आत्याची कार्बनची चाकं

आत्या रोज सकाळी स्वयंपाकघरातली खिडकी उघडायची, नळाखाली हात ओला करायची आणि तो बाहेर धरून पाच-दहा सेकंद उभी राहायची. मग हात टॉवेलला पुसत एकच शब्द बोलायची. "आडवा." किंवा "समोरचा." क्वचित, चेहरा उजळून, "पाठचा." सायकल काढायची असो वा नसो, वाऱ्याची ही हजेरी चुकायची नाही. आतोबा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायचे, "वारा हजर. आता चहापण हजर होऊ दे."

शिकायला म्हणून दोन वर्षं मी त्यांच्याकडे राहिले, तेव्हाची ही गोष्ट. आत्या अठ्ठावन्न वर्षांची होती, वजनाने जेमतेम सत्तेचाळीस किलो, आणि कवळ्या बनवायची. घराच्या मागच्या खोलीत तिचं काम चालायचं. दातांचे डॉक्टर ठसे पाठवायचे. त्यांवरून ती प्लास्टरचे जबडे ओतायची आणि मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवायची. खिडकीखालच्या फळीवर पंधरा-वीस अनोळखी माणसं ओळीने हसत असायची. पहिला आठवडाभर मी त्या खोलीत पाठ भिंतीला लावूनच बसले. नंतर सवय झाली, इतकी की त्या जबड्यांसमोर मी निबंध मोठ्याने वाचून बघायची. त्यांच्यापैकी कुणी जांभई दिली नाही.

"चांगली कवळी कुठली?" मी एकदा विचारलं.

"जी घालून माणूस विसरतो," ती म्हणाली. "आरशासमोरून हलेना झाला, की समजायचं, कुठंतरी टोचतंय."

बाकी आठवडा त्या खोलीचा. रविवार मात्र सायकलचा. पाच पुरुष आणि आत्या, असा त्यांचा गट वीस वर्षं जुना होता. पेट्रोल पंपापाशी जमायचं, कालव्याच्या काठाने सरळ जायचं, लांब पूल ओलांडायचा आणि शेवटी पाण्याच्या टाकीची टेकडी चढायची. गटाचे म्होरके चष्म्याचं दुकान चालवायचे. आयुष्यात ते कशाचेच कप्तान नव्हते, पण सगळे त्यांना कप्तान म्हणायचे.

गेली दोन वर्षं आत्या त्या चढावर मागे पडत होती. आधी मिनिटभर, मग दोन, मग चार. ती वर पोचायची तेव्हा पाचही जण टाकीच्या कठड्यावर ओळीने बसलेले असायचे. कप्तान हात हलवून म्हणायचे, "या ताई, या! सावकाश. आम्ही काय, बसलोयच."

"शिव्या दिल्या असत्या ना, तरी चाललं असतं," एका रविवारी घरी येऊन बूट काढताना ती मला म्हणाली. "हे 'सावकाश' ऐकवत नाही गं. माझ्यापायी पाच माणसं ताटकळतात. यंदाचं वर्ष बघते. नाही जमलं तर गट सोडून देईन. एकटी कालव्यावर फिरेन, कुणाला वाट बघायला नको."

हे ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, पण बुटाची नाडी सुटलेली असूनही ओढत राहिली. वीस वर्षांचे रविवार होते ते.

कार्बनच्या चाकांचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते त्याच महिन्यात. पुलावर कुणी तरुण तिला मागे टाकून गेला. त्याच्या चाकांचा आवाज पोकळ, घुमणारा होता. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी गुणगुणावं तसा. आत्या घरी आली ती तो आवाज काढतच.

आतोबा निवृत्त गणिताचे शिक्षक. त्यांनी लगेच पेन्सिल घेतली. "जुन्या चाकांपेक्षा अर्धा किलो हलकी. म्हणजे अगं, निघताना दोन पेले पाणी कमी प्यायलीस तरी तेवढंच झालं."

"पाणी गोल फिरवावं लागत नाही," आत्या म्हणाली.

आतोबांनी पेन्सिल खाली ठेवली. "मुद्दा बरोबर आहे. मार्क देतो."

सायकलवाल्याच्या दुकानात मीही गेले होते. अरुंद, लांबट दुकान. छताला हुकांवर चाकंच चाकं टांगलेली. सायकलवाला चाळिशीचा होता. त्याचे पुढचे दोन दात सहा वर्षांपूर्वी एका उतारावर राहिले होते, आणि त्या जागी आता होते ते आत्याच्या हातचे. त्यामुळे तो तिच्यासमोर जरा जास्तच हसायचा.

त्याने कार्बनच्या दोन जोड्या काउंटरवर ठेवल्या. एकीची रिम पन्नास मिलिमीटर उंच, रुंद काळ्या पट्ट्यासारखी. दुसरीची तीस, साधी, कुणाचं लक्षही जाऊ नये अशी. काळ्या धाग्यांचं कापड राळेत भिजवून साच्यात दाबतात आणि भाजतात, हे तो समजावत होता. आत्याने मध्येच मान डोलावली. साच्यात दाबून भाजणं हे तिचं रोजचंच काम. तिने नखाने रिमवर टकटक केलं. ॲल्युमिनियमसारखं खणखणलं नाही. लाकडी पेटीसारखं बोललं.

"ताई, तुमच्यासाठी तीसची," तो म्हणाला. "पन्नासची सपाटीला पळते, पण आडवा वारा शिडासारखा धरते. वजनदार माणूस दाबून धरतो. तुम्ही म्हणजे..."

"माझं वजन काढू नकोस. वाऱ्याला मी रोज हात लावते."

"मग तीसची देऊ?"

"पन्नासची दे. पण ट्रायलला. आमच्यात कवळी आधी मेणात लावून बघतात. पेशंट बोलतो, हसतो, चावतो, मग पक्की करायची. चाकाचंही तसंच."

जिच्या हातचे दात आपल्या तोंडात आहेत तिला नाही कसं म्हणणार! त्याने पन्नासची जोडी आठवड्यासाठी दिली आणि बरोबर एक छोटी कागदी पिशवी. "यात ब्रेकचे नवीन रबर आहेत. हेच लावा. जुन्या रबरांत ॲल्युमिनियमचे बारीक कण रुतलेले असतात, ते कार्बनला खरवडतात."

"हो हो," आत्या म्हणाली. तिचं लक्ष चाकाकडे होतं.

शनिवारी दुपारी कामाच्या खोलीत, जबड्यांच्या साक्षीने, चाकं बसली. नवी रिम जुन्या रिमपेक्षा रुंद होती, म्हणून ब्रेक नव्याने जुळवावे लागणार होते. कवळीचा वरचा दात खालच्यावर नीट टेकतो का, हे बघायला आत्याकडे पातळ निळा कागद असायचा; मध्ये धरून चावायला लावलं की जिथे दाब पडतो तिथे निळा ठिपका उमटतो. तोच कागद तिने रबर आणि रिमच्या मध्ये धरला. "दाब हळूच." मी ब्रेक दाबला. ठिपका एका कडेला. तिने स्क्रू केसभर फिरवला. "पुन्हा." असं तासभर चाललं. शेवटी चारही रबरांवर लांबोडका, एकसारखा निळा डाग उमटला.

"हा बघ चावा!" ती म्हणाली. इतकी खूश मी तिला एखाद्या अवघड जबड्यानंतरच पाहिली होती. कागदी पिशवी दाराच्या खिळ्याला लटकत होती. आम्हा दोघींना तिची आठवणही झाली नाही.

रविवारी हात खिडकीबाहेर गेला आणि आत्या म्हणाली, "आडवा." म्हणाली आणि तरीही निघाली.

पुढचं मला कप्तानांकडून कळलं. कालव्याच्या काठाने ती गोळीसारखी सुटली होती, मागून पाचही जण ओरडत होते, "ताई, आम्हाला पण न्या!" पुलावर ती सवयीने सगळ्यांच्या पुढे होती. मधोमध वाऱ्याचा झोत आला आणि पुढचं चाक कुणीतरी हाताने वळवावं तसं वळलं. सायकल हातभर बाजूला सरकली. तिने ब्रेक दाबला, तर किर्रर्र असा आवाज, पाटीवर नख ओढल्यासारखा. ती पडली नाही. पण खाली उतरली आणि उरलेला पूल सायकल हातात धरून चालत गेली. कप्तानही उतरून तिच्याबरोबर चालले. त्या दिवशी टाकीपाशी बाकीचे चौघे सतरा मिनिटं बसून होते.

घरी आल्यावर तिने चाक काढलं, उजेडात धरलं आणि खुर्चीत बसली. काळ्या रिमवर बारीक ओरखडे होते, रेघेला रेघ समांतर. जुन्या रबरात चंदेरी कण चमकत होते. मी दाराकडे बघितलं. पिशवी अजून तिथेच होती.

"धातू घासलेला ब्रश कवळीच्या प्लास्टिकला लावायचा नाही," आत्या स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "तीस वर्षं लोकांना शिकवते आहे. आणि मी काय केलं? चावा नेमका बसवला, दात कसले आहेत ते बघितलंच नाही."

आतोबा म्हणाले, "एवढे बारीक ओरखडे सायकलवाल्याला दिसायचेसुद्धा नाहीत."

"मला दिसले ना," आत्या म्हणाली, आणि सोमवारी दुकान उघडायच्या आधीच शटरसमोर जाऊन उभी राहिली.

सायकलवाल्याने रिमवरून अंगठा फिरवला. "पिशवी उघडली नाहीत."

"नाही उघडली. चूक माझी आहे. दुसरी जोडी मागवून घे, मी भरून देते."

"वरवरचं आहे हो. ही जोडी ट्रायललाच ठेवतो. पुढच्याला ओरखडे दाखवून सांगेन, पिशवी उघडा." मग स्टूल पुढे सरकवत त्याने विचारलं, "ताई, बसा. खरं सांगा, वेग कशाला हवाय?"

आत्या स्टुलावर बसली. मग म्हणाली, "टाकीपाशी कुणी माझी वाट बघत बसलेलं नकोय."

"किती मागे असता?"

"चार मिनिटं."

"चाकं पंधरा सेकंद देतील. वीस म्हणा. मी दुकानदार आहे, तरी खरं तेच सांगतो." त्याने हिशेब बोटांवर केला. "बाकीची मिनिटं जातात कुठे? पुलावर तुम्ही कुठे असता?"

"पुढे."

"दर रविवारी?"

"मग काय, मागे लपू? टेकडीवर त्यांना थांबवायचं, तर निदान पुलावर वारा मी घेते. तेवढी फेड."

सायकलवाला दोन्ही दात दाखवून हसला. "सत्तेचाळीस किलोंची बाई ऐंशी किलोंच्या कप्तानाला वाऱ्यापासून आडोसा देते! अहो, त्यांना तो पुरत नाही आणि तुमचे पाय पुलावरच संपतात. मागे राहा. लपणं नाही ते, पद्धत आहे."

आत्या तीसची जोडी घेऊन घरी आली. नवे रबर लावले, निळा कागद धरला. या वेळी चाकाकडे बघत बसली नाही. सायकल भिंतीला टेकवून कुणाच्या तरी दाढा बसवायला गेली.

मागे राहणं तिला चढापेक्षा जड गेलं. पहिल्या रविवारी ती तीनदा पुढे गेली आणि कप्तानांनी तिला तीनदा मागे पाठवलं. दुसऱ्या रविवारी घरी येऊन म्हणाली, "कप्तानांच्या शर्टाला मागे एक उसवलेली शिवण आहे. पूलभर तीच बघत होते." पण बूट काढताना ती आता गाणं गुणगुणायची. चार मिनिटांची अडीच झाली, मग दीड. आतोबांनी स्वयंपाकघराच्या दारावर पेन्सिलीने आलेख काढला, आणि तो पुसायचा नाही अशी मला ताकीद दिली.

सातव्या रविवारी आतोबा आणि मी स्कूटरवरून आधीच टाकीपाशी जाऊन बसलो, थर्मास घेऊन. खालचं वळण झाडांनी झाकलेलं होतं. आधी कप्तान दिसले, सायकलवर उभे राहून हेलकावे देत. त्यांच्या मागे एक जण. आणि त्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर आत्या, तोंड उघडं, नजर खाली, खांदे अजिबात न हलवता. तिच्या मागे तिघे.

आतोबा उभे राहिले. घड्याळ हातात होतं, पण ते त्याकडे बघत नव्हते.

सहाही जण एका मिनिटाच्या आत वर आले. आत्याने एक पाय टेकवला, दोन श्वास घेतले आणि म्हणाली, "चला. आज थांबायचं कारण नाही. उतरू या लगेच."

कुणीच हललं नाही. एक जण हँडलवर पालथा पडला होता. दुसऱ्याने कठड्याला मिठी मारली होती. कप्तानांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता.

"ताई," ते अडखळत म्हणाले, "असं... असं नका हो करू."

"काय झालं?"

"दोन वर्षं तुमच्या नावावर आम्ही चार-चार मिनिटं बसायचो इथं. तुम्ही आलात की उठायचं, असं ठरलेलं. आता बसायचं कुणाच्या नावावर?"

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे तुम्ही माझी वाट बघत नव्हतात?"

"बघत होतो की!" कठड्याला मिठी मारलेला म्हणाला. "देवाला म्हणायचो, ताईंना अजून जरा उशीर होऊ दे."

आतोबांना थर्मास खाली ठेवावा लागला, इतके ते हसले. आत्या आधी हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला नीट सांगता येणार नाही. दोन वर्षांचे रविवार असावेत. मग ती हसली, आणि हसता हसता खोकली, आणि हेल्मेट काढून कप्तानांच्या शेजारी कठड्यावर बसली. मी चहा ओतला. पाच पुरुष तिच्या दोन्ही बाजूंना धापा टाकत होते आणि कुणीही "सावकाश" म्हणत नव्हतं.

"पुढच्या रविवारी?" कप्तानांनी भीतभीत विचारलं.

आत्याने पेला दोन्ही हातांत धरला, फुंकर घातली.

"पंपापाशी, नेहमीच्या वेळेला," ती म्हणाली. "आणि कप्तान, तो शर्ट माझ्याकडे पाठवून द्या, शिवून ठेवते."