जेवणापुरती बंद केलेली मशीन

"काका, परत वाढलं."

वजनकाट्यावर उभ्या असलेल्या दामोदर काकांनी खाली न बघताच मान हलवली. बघून उपयोग नव्हता. आकडा आणि डोळे यांच्यामध्ये पोट आलं होतं.

मी नेरूळच्या एका हॉस्पिटलात डाएटिशियन आहे. काका इथल्याच गावातले, आगरी. पार्किन्सनमुळे त्यांचा उजवा हात कित्येक वर्षं थरथरत होता. घास तोंडापर्यंत पोचेस्तोवर निम्मा शर्टावर. म्हणून ताराकाकू त्यांना भरवायच्या. मग डीबीएस झालं. म्हणजे मेंदूत बारीक तारा आणि छातीत कातडीखाली एक बॅटरी. ती मेंदूला सतत हलका करंट देते आणि थरथर दबते. आजार जात नाही, पण हात कामाला लागतो. मशीनसोबत एक रिमोट घरी देतात.

या ऑपरेशननंतर वजन वाढणं आम्हाला नवीन नाही. सतत थरथरणारं, आखडलेलं शरीर बसल्या बसल्या पुष्कळ ऊर्जा जाळतं. थरथर थांबली की तो खर्च वाचतो आणि जेवण मात्र तेवढंच राहतं. पण काकांचं प्रकरण माझ्या कुठल्याच हिशोबात बसेना. घरचं जेवण ऐकावं तर तांदळाची एक भाकरी, थोडं मासळीचं कालवण, भाजी. एवढ्यावर तर मीसुद्धा बारीक झाले असते! आणि इकडे काकांचे गुडघे कुरकुरत होते, चालताना तोल जात होता. पार्किन्सनच्या माणसाला पडणं परवडत नाही.

आमचे न्यूरोसर वैतागले. "मी हात थांबवला. तुम्ही पोट थांबवा."

"सर, कसं थांबवू? आणि काकू म्हणतात, जेवताना हात अजून थरथरतो."

"शक्यच नाही. सेटिंग परफेक्ट आहे."

मग मी काकूंना सांगितलं, पुढच्या वेळी डबा घेऊन या आणि माझ्यासमोर जेवा.

आले. काकूंनी डबा उघडला, भाकरी मोडली, पर्समधून रिमोट काढला आणि बटण दाबलं. मी बघतच राहिले. थोड्याच वेळात काकांचा हात थरथरायला लागला. काकांनी निमूटपणे आ केला आणि काकूंनी घास भरवला.

"काकू! हे काय चाललंय?"

"मशीन चालू असली का यो मानूस हात आवरत नाय, मॅडम. बंद केली का माज्या हातानं, माज्या मापानं. वजन कमी करायचं हाय ना?"

"रोज करता?"

"जेवनापुरतंच. मंग लावते ना परत."

मी सरांना बोलावून आणलं. ते आधी पोट धरून हसले आणि मग चांगलेच भडकले. "घास घशात अडकला तर? अंग आखडून पडले तर? मला विचारल्याशिवाय मशीन बंद करायची नाही. अजिबात नाही!"

काकूंचा चेहरा एवढासा झाला. मला वाईट वाटलं.

"काका, तुम्ही कधी काही बोलला नाहीत?"

"इतकी वर्सं भरवलं तिनं मना. हात बरा झाला तं काय बोलू, आता तुजं काम नाय?"

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. 

पण मूळ प्रश्न तसाच होता. "घरी सगळं मापात. मग वजन येतंय कुठून?"

काका खिडकीकडे बघायला लागले. काकूंचं रडणं एकदम थांबलं. "बोल," त्या म्हणाल्या.

"हलदीला जातो ना, गो. सगली बोलतात, दामा, हात बघू तुजा. मटनाच्या रश्श्यानं वाटी काठोकाठ भरून देतात. मी धरतो. थेंब सांडत नाय. टाल्या वाजवतात! मंग भरलेली वाटी खाली कशी ठेवू?"

"नि मी बायकांच्या पंगतीत बसलेली! मना काय म्हाईत?"

इकडे लग्नाच्या आदल्या रात्री हळदीला अख्ख्या गावाला मटणाचं जेवण असतं. "किती हळदी झाल्या, काका?"

"गाव मोठं हाय, मॅडम."

एकूण काय, गाव काकांचा हात साजरा करत होतं आणि काकू घरी बटण दाबून तो हिशोब चुकता करत होत्या. जाणं बंद करा म्हणण्यात अर्थ नव्हता. एवढ्या वर्षांनी माणूस चारचौघांत मान वर करून जेवत होता.

"गावाला हात बघायचाय ना?" मी म्हटलं. "मग वाटी धरू नका, पळी धरा. रस्सा तुम्हीच वाढा."

सरांनी परवानगी दिली. जड बादली धाकट्या भावाने उचलायची, काकांनी नुसतं वाढायचं. स्वतः शेवटच्या पंगतीला, काकूंच्या शेजारी बसून, एकच वाटी. मटण-मासळी मी बंद केली नाही. फक्त पार्किन्सनच्या गोळीच्या वेळेपासून लांब ठेवली, कारण प्रथिनं त्या गोळीच्या वाटेत येतात.

लग्नाचा सीझन संपत आला तसा काटा खाली उतरायला लागला. फार नाही, पण आता काकांना आपला आकडा दिसतो.

पुतणीच्या हळदीला त्यांनी मला आग्रहाने बोलावलं. काका पंगतीतून ऐटीत फिरत होते, "हात बघा, हात बघा" करत. शेवटच्या पंगतीला ते काकूंसमोर आले आणि पळी वाटीत ओतली.

"बस," काकू म्हणाल्या.

काका ओततच राहिले, अगदी काठापर्यंत. हात जराही हलला नाही.

"आज माजं माप, गो," ते म्हणाले.

काकूंनी वाटी दोन्ही हातांनी उचलली. आता त्यांचेच हात थरथरत होते. थोडा रस्सा साडीवर सांडला, पण वाटी त्यांनी संपवली.

तेव्हापासून पेशंटला मी काय खाता हे नंतर विचारते. आधी विचारते, वाढतं कोण? आणि डीबीएसचा पेशंट असेल तर रिमोट कोणाच्या पर्समध्ये असतो, हेही.