पांझरेच्या बंधाऱ्यावर तोंडी परीक्षा

जळगाव स्टेशनात सुरतेकडची सकाळची गाडी लागली तेव्हा माझ्या काखेत लाल कापडी बांधणीचा प्रबंध होता आणि वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, खांद्यावर केळ्यांचा घड. परीक्षकांना फळे दिली तर ते वेगळाच अर्थ काढतील, असे मी आमच्या गावाहून, असोद्याहून, निघतानाच बजावले होते. नाना म्हणाले, "केयी (केळी) मी निकालानंतर देईन. तुले नापास केलं त परत आनू."

मी जळगावला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. पीएच.डी.साठी मी विषय घेतला होता तो धुळे भागातल्या फड पद्धतीचा. पांझरा नदीवर जागोजागी दगडी बंधारे आहेत. एका बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडतात. त्या भागाला फड म्हणायचे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. बहुतेक प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते, त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड पडीक ठेवला तरी झळ सर्वांनाच लागते. हे सगळे गावचे पंच चालवतात. माझ्या तिसऱ्या प्रकरणाचे म्हणणे एवढेच, की ही व्यवस्था न्यायाने चालते आणि नव्या कालव्यांनी तिच्याकडून शिकावे.

प्रबंध मी पावसाळ्यात पुण्याला सादर केला होता. बाहेरचे परीक्षक सिंचनाच्या सरकारी पाहणीसाठी धुळ्यास यायचे होते, म्हणून तोंडी परीक्षा तिथल्या विश्रामगृहातच ठरली. माझ्या मार्गदर्शक सरांनी आधीच सावध केले होते : तिसरे प्रकरण काढून प्रबंध पुन्हा लिहावा, असा त्या गृहस्थांचा कल आहे. ते प्रकरण काढायचे नाही, हे मी ठरवले होते. ते गेले तर उरलेल्या पानांत माझे असे काहीच राहत नव्हते.

अमळनेरला उतरून आम्ही धुळ्याची एस.टी. धरली. दोन्ही बाजूंना कपाशीची रिकामी शेते, मधूनच हरभऱ्याचा हिरवा पट्टा. फागण्याच्या अलीकडे चाक बसले. ड्रायव्हर जॅक शोधू लागला, बायका रस्त्याकडेच्या निंबाखाली टेकल्या, पोरे रडू लागली. नानांनी घड सोडला आणि उतारूंना केळी वाटायला सुरुवात केली. चाक चढेपर्यंत नुसता दांडा उरला. तो त्यांनी एका गाईपुढे टाकला आणि मला म्हणाले, "चाल, तुह्यी एक काळजी मिटली."

धुळ्याला पोचलो तेव्हा साडीवर धुळीचा थर होता. विश्रामगृहाच्या नळावर तोंड धुऊन मी आत गेले. नाना व्हरांड्यातल्या बाकावर बसले. सर खिडकीशी होते. परीक्षक उंच, पांढऱ्या मिशांचे, आवाजाने मऊ. त्यांनी प्रबंधाची प्रत उघडली ती थेट तिसऱ्या प्रकरणावर.

"आपण लिहिता, पाण्याचा वाटा सर्वांना सारखा मिळतो. मोठा शेतकरी पाणी ओढत नाही?"

"ओढतो," मी म्हणाले. "मी तंटे नाकारलेले नाहीत. ते बंधाऱ्यावरच मिटतात, असे लिहिले आहे."

"गावाने आपल्याला चांगले तेवढेच सांगितले असेल."

"मग आपण स्वतःच विचारा. इथून बंधारा जवळ आहे."

सरांनी माझ्याकडे चमकून पाहिले. परीक्षकांनी जीप बोलावली. नानाही मागे बसले. त्यांना कुणी चला म्हटले नव्हते आणि उतराही म्हटले नाही.

बंधाऱ्यावरून पातळ पाणी सांडत होते. खाली गव्हाचा फड वाऱ्यावर हलत होता, पलीकडे ऊस. अगदी शेवटच्या वावरात विठाअक्का पाटाची माती ओढत होती. तिचे नाव, आणि ती विधवा असून स्वतःची जमीन स्वतः कसते, हे मला नंतर कळले. माझी तिची ओळख नव्हती, म्हणूनच मी परीक्षकांना तिच्याकडे नेले.

"पाणी वेळेवर मिळतं का, बाई?" त्यांनी विचारले.

"आमनं वावर शेवटले शे (आमचं शेत शेवटी आहे)," ती म्हणाली. "मांगला साले पानी उनंच नही (मागल्या वर्षी पाणी आलंच नाही). वरला भाऊनी फोडी लिधं (वरच्या शेतातल्या भाऊने पाट फोडून घेतलं)."

परीक्षकांनी वळून माझ्याकडे पाहिले. पण अक्काची गोष्ट अजून संपलेली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

"मग तुम्ही काय केलंत, अक्का?" मी विचारले.

"काय करसू? पंचासकडे गऊ. त्यास्नी त्याना पाट बंद कया, आनि त्यानी पाळी माले दिधी (काय करणार? पंचांकडे गेले. त्यांनी त्याचा पाट बंद केला आणि त्याची पाळी मला दिली)."

"आणि तो भाऊ पंचांपैकीच असता तर?" परीक्षकांनी लगेच विचारले.

अक्का हसली. "तो पंचज व्हता ना (तो पंचच होता ना)."

परीक्षकांनी नदीपलीकडे हात केला. तिथे वीसेक झोपड्या होत्या. "त्या लोकांचा वाटा किती?"

"काही नाही," मी म्हणाले. "फडात जमीन असेल त्यालाच पाणी. ते लोक मजुरीला येतात."

"हे आपल्या प्रबंधात नाही."

"नाही. माझा न्याय फडाच्या बांधापर्यंतचा आहे. ती मर्यादा मी प्रस्तावनेत स्पष्ट लिहीन. पण त्यामुळे तिसरे प्रकरण खोटे ठरत नाही, आणि मी ते काढणार नाही."

ते पाटाच्या मातीत काठीने रेघ ओढत राहिले. "काढू नका," ते अखेर म्हणाले. "मी काढायला सांगणार होतो. ती माझी घाई होती. मर्यादा लिहा, बाकी आहे तसेच राहू द्या." मग सरांकडे वळून : "माझी शिफारस आजच देतो."

सर पुढे झाले आणि त्यांनी मला नमस्कार केला. गुरूने असा नमस्कार केल्यावर काय करायचे असते, हे मला ठाऊक नव्हते. मी वाकले तेव्हा नानांनी पागोट्याच्या टोकाने डोळे पुसलेले मला दिसले. विठाअक्काने विचारले, "काय व्हयनं (काय झालं)?" मी सांगितले, तुमच्या पाण्यामुळे पास झाले. ती म्हणाली, "मंग च्या पी जा."

तिच्या घरी गुळाचा चहा झाला, बाजरीची भाकर आणि ठेचा झाला. परीक्षक ठेचा खाऊन दोन तांबे पाणी प्यायले आणि त्यांनी आणखी ठेचा मागितला.

परतीच्या एस.टी.त नानांना डुलकी लागली. माझे विद्यार्थी मला नेहमी विचारतात, की प्रबंध म्हणजे नेमके काय सिद्ध करायचे असते. मीही इतके दिवस त्यांना पुस्तकी उत्तर देत आले. त्या दुपारी वाटले, आपल्याला जे खरे दिसले ते कुणी नाकारले तरी धरून ठेवायचे, आणि जे दिसले नव्हते ते कुणी दाखवले तर त्याकडे पाठ फिरवायची नाही. दोन्ही एकाच दिवशी करावे लागले आणि दोन्ही जमले, याचा मला अभिमान वाटतो.

अमळनेरच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना नानांनी विचारले, "आता शिक्षन सरलं तुह्यं?"

"नाही. नदीपलीकडे जायचं आहे. त्या लोकांना अजून काहीच विचारलेलं नाही."

"कधी?"

"उन्हाळ्यात. फडाला पाणी नसतं, त्यांना मजुरीही नसते तेव्हा."

नानांनी मान हलवली आणि आलेल्या गाडीत माझ्यासाठी खिडकीची जागा धरायला ते पुढे धावले.