पाटलिणीचा इलाज

बाईंच्या घरातली गोष्ट गल्लीत मी नेली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

बाई म्हणजे अमरावतीच्या राजापेठेत आमच्या शेजारी भाड्याने राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. एकट्याच. दारात कोणी आलं की हाताचा पंजा पुढे करून त्याला उंबऱ्यावर थांबवत. "हात धुतले काय? आधी धुवा. आत पेशंट आहे." पेशंट म्हणजे त्यांची कुत्री, पाटलीण. गळ्याखाली गाठी आल्या, तपासणीत कॅन्सर निघाला आणि अकोल्याच्या जनावरांच्या दवाखान्यात केमोथेरपी सुरू झाली. इंजेक्शनने तिच्या पांढऱ्या पेशी उतरत. मग साधा जंतूही भारी पडायचा. म्हणून हा पंजा. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, सगळे जिला खडूस म्हणतात.

अकोल्याला मी माझ्या गाडीने न्यायचो. एकदा म्हणालो, "बाई, वय झालं तिचं. कशाला हे हाल?"

"वय तर तुमचंबी झालं, भाऊ. बीपीची गोळी बंद करून टाकू काय तुमची?"

येताना मूर्तिजापूरच्या आसपास पाटलीण मागच्या सीटवर ओकली. बाईंनी हातमोजे चढवले. "तोंड कायले वाकडं करून राहिले? लहानपणी तुमी काय अत्तर ओकत होते?"

घरी पाटलीण अन्नाला तोंड लावत नसे. ज्या घरात कधी अंडं शिरलं नव्हतं, तिथे बाई नाकाला पदर लावून अंडी उकडायच्या आणि जमिनीवर बसून बोटावर एकेक घास पुढे करायच्या. तिने एक चाटला की अख्खा वर्ग पास झाल्यासारख्या माझ्याकडे पाहायच्या. पुढे तिच्या मिशा गळल्या. मी काही बोलायच्या आत बाईच म्हणाल्या, "मिशा गेल्यानं पाटीलकी जाते काय?" आणि मग तिच्या उघड्या पडलेल्या ओठांवरून बोट फिरवत राहिल्या, बराच वेळ.

गाठी खरंच बसल्या. पाटलीण पुन्हा दुधवाल्यावर भुंकू लागली. डॉक्टर म्हणाले, "कोर्स पूर्ण करा. मध्ये सोडला तर गाठी परत येतील."

त्याच डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं की इंजेक्शननंतर काही दिवस औषध लघवीतून उतरतं. हातमोजे घाला, भरपूर पाणी ओता. बाई ते तंतोतंत पाळायच्या. त्या दिवसांत पाटलिणीला मागच्या अंगणाबाहेर काढायच्याच नाहीत.

एरवी मी चार माणसांत तोंड उघडत नाही. त्या दिवशी पानटपरीवर उघडलं. "जहरी औषध आहे, कुत्रीच्या लघवीतून निघते," म्हणालो. सगळे माझ्याकडे वळले. मला बरं वाटलं. हातमोजे, पाणी, मागचं अंगण, हे सांगायचं राहून गेलं असं नाही. सांगितलं असतं तर गोष्ट फिकी पडली असती.

संध्याकाळपर्यंत कुत्रीचा कॅन्सर हवेतून उडायला लागला. ट्यूशनची पोरं दुसऱ्या गल्लीने जाऊ लागली. ज्यांनी खर्रा थुंकून थुंकून आमच्या भिंती रंगवल्या ती माणसं बाईंच्या दारात उभं राहून पोराबाळांच्या तब्येतीवर भाषण देत होती. त्यांच्या थोबाडीत मारावंसं वाटत होतं. आणि मी त्यांच्याच मागे उभा होतो, मान हलवत.

घरमालक म्हणाला, "बाई, एक तर कुत्री ठेवा, नाही तर खोली ठेवा."

"कुत्री ठेवते. खोली तुमची तुमाले लखलाभ."

अकोल्याला इंजेक्शनच्या वेळी पाटलिणीचा पाय धरणारा एक मदतनीस होता. त्याची सासुरवाडी आमच्याच गल्लीत. बाईंनी ठरवून टाकलं, बातमी त्यानेच नेली. भर दवाखान्यात त्या त्याच्यावर तुटून पडल्या. "तुह्या जिभेले हाड नाही! तिचा पाय तुह्या हातात देत होती मी!"

"बाई, मी कायले सांगू? मले काय ते परकी हाये?" त्याचा आवाज फाटला.

पाटलिणीचा पट्टा माझ्या हातात होता. मी म्हणालो, "चला बाई, जाऊ द्या." जसं काही मीच त्याला माफ करत होतो.

त्या दवाखान्याची पायरी बाई पुन्हा चढल्या नाहीत. अमरावतीत ते इंजेक्शन देणारं कोणी मिळालं नाही. "मी पाहतो," म्हणालो होतो, पाहिलं नाही. इलाज अर्धा राहिला. बाई पाटलिणीला घेऊन तिवस्याला भावाकडे गेल्या. गाठी परत आल्या, घास उतरेना, मग श्वासही. पाटलीण तिथेच गेली.

आता त्या खोलीत एक जोडपं राहतं. त्यांच्या दारात कोणीही चपला घालून शिरतं.

मागच्या महिन्यात मी तिवस्याला गेलो. सांगायलाच गेलो होतो. बाई वाळल्या आहेत. चहा देत म्हणाल्या, "त्या मेल्यानं खाल्ली माही पाटलीण. तुमी मात्र शेवटपर्यंत साथ देली, भाऊ."

मी चहा प्यालो आणि उठलो.

बाईंना आणि अकोल्याच्या त्या माणसाला मी एकच वाक्य देणं लागतो: "गल्लीत ते मी सांगितलं होतं." आधी तिवस्याला, बाईंच्या तोंडावर द्यायचं. मग अकोल्याला, त्याच्या. अजून दोघांनाही दिलेलं नाही.