भूगोलसरांचं तळं

राहायची जागा निवडताना माणसाने आधी पाण्याचं विचारावं, मग बस कुठे थांबते ते विचारावं, आणि एवढं विचारून दम उरलाच तर खिडकीतून काय दिसतं ते विचारावं. भूगोलसरांनी हा क्रम उलटा केला. खरं तर उलटाही केला नाही, कारण पहिल्या दोन गोष्टी त्यांनी विचारल्याच नाहीत.

परदेशातल्या या शाळेत आम्ही दोघं एकाच वर्षी शिकवायला आलो. आमची भाषा बोलणारी इथे दोनच माणसं, ते आणि मी. मी गणित शिकवते म्हणून त्यांच्या तोंडी मी नुसती बाई, आणि माझ्या तोंडी ते भूगोलसर. आईवडिलांनी ठेवलेली नावं इथल्या लोकांनी एकदा उच्चारून दाखवली, तेव्हाच आम्ही दोघांनी ती मनातल्या मनात सोडून दिली.

शिक्षकांना राहायला जागा शाळाच भाड्याने घेऊन देते. पहिल्या दिवशी जागावाटप बघणाऱ्या कारकूनबाईंनी आमच्यासमोर दोन फोटो ठेवले. एक शाळेच्या फाटकासमोरची खोली, खाली टायरचं दुकान, खिडकीसमोर गोदामाची भिंत. दुसरं डोंगरातलं घर, पुढे तळं, तळ्यात एक होडी, मागे झाडंच झाडं. बसने दीड तास. मी टायरच्या दुकानावर बोट ठेवलं आणि चहा प्यायला लागले. भूगोलसरांनी मात्र दुसऱ्या फोटोवर अख्खा हात ठेवला, जणू तो कोणी पळवून नेणार होतं.

"सर, दीड तास म्हणजे रोजचे तीन झाले," मी म्हटलं. गणित शिकवणाऱ्याला हे बोलल्याशिवाय राहवत नाही.

"बाई, मी आयुष्यभर शेजाऱ्यांच्या मोरीकडे बघत आलोय," ते म्हणाले. "वर्गात तळी शिकवली, हिमनद्या शिकवल्या, फळ्यावर डोंगर काढून काढून हात दुखला. एकदा खरं काहीतरी बघू दे."

यावर कोण काय बोलणार? मी चहा संपवला. पुढे बरंच बोलले, पण त्या दिवशी गप्प बसले.

पहिली बस उजाडायच्या आत निघायची आणि परतीची अंधार पडल्यावर पोचायची. म्हणजे सर तळ्यापासून निघत तेव्हा तळं काळं, आणि तळ्यापाशी परतत तेव्हाही काळं. शनिवारी खेळांच्या सामन्यांवर देखरेख त्यांच्याकडे. उरला रविवार. त्या डोंगरात सकाळी धुकं असे. दुपारी ते वर जाई, तेव्हा सर आठवड्याची झोप वसूल करत, आणि जागे होईपर्यंत धुकं परत खाली उतरलेलं असे. उन्हाळ्यात दिवस मोठा, पण उन्हाळ्यात शाळेला सुट्टी, आणि सुट्टीत सर विमानाने आपल्या घरी जात. घर पाहायला गेले त्या दिवशी तेवढं तळं त्यांना लख्ख दिसलं होतं. ती पहिली भेट आणि तीच शेवटची.

"सर, तुम्ही तळ्याचे भाडेकरू नाही," मी त्यांना म्हणायची, "तळ्याचे रात्रपाळीवाले आहात."

ते हसत आणि विषय बदलत. एकदा त्यांच्या सदऱ्याची एक बाही कोपरापर्यंतच होती. घरमालकिणीच्या शेळीने दोरीवरचा सदरा खाल्ला होता. तोच सदरा घालून, वर कोट चढवून ते आले आणि "निसर्गाच्या जवळ राहायचं म्हणजे थोडं द्यावं लागतं" असं म्हणाले. दिवसभर उकडून जीव गेला तरी कोट काढला नाही.

पण खरी कमाल वेगळीच होती. त्या पहिल्या भेटीत सरांनी मोबाईलवर तळ्याचा एकच मोठा फोटो काढला होता. त्याचे ते तुकडे पाडत. एका रविवारी डावीकडची झाडं कुटुंबाच्या ग्रुपवर जात, पुढच्या रविवारी उजवीकडचा काठ, त्यानंतर मधली होडी. तुकडे संपले की रंग थोडा गडद करून पुन्हा झाडांपासून सुरुवात. तिकडे मामा लिहीत, "नशीबवान आहेस." आत्या हात जोडलेली चित्रं पाठवत. मेहुणा विचारी, "किराणा कुठून आणता?" त्याला सर उत्तर देत नसत.

अशी तीन वर्षं काढली त्या माणसाने. मुलगी नोकरीला लागून दूर गेलेली. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, गावच्या पाणीपुरवठा कार्यालयात कारकून. कायमची नोकरी, कामात चोख, आणि नवऱ्याच्या बोलण्यातलं पाणी किती हेही बरोबर ओळखणाऱ्या. सर त्यांना दर सुट्टीत सांगत, राजीनामा दे आणि ये. शेवटी एके दिवशी शिक्षकांच्या खोलीत फोन आला. सर मोठ्याने बोलायची सोय व्हावी म्हणून फोनचा आवाजही मोठा ठेवत, त्यामुळे मी सगळं ऐकलं.

"बिनपगारी रजा घेऊन येते," वहिनी म्हणाल्या. "बघते. राहण्यासारखं असलं तर राजीनामा देईन. नसलं तर परत येईन, आणि मग तुम्ही तळं घेऊन बसा."

"अगं, ये तर! स्वर्ग आहे!"

"ते कळलं हो. पण त्या फोटोतली होडी तीन वर्षांत एकदाही हलली नाही."

"शांत तळं आहे ते," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मला हसू आवरेना. पण सर हसले नाहीत. खुर्चीत बसून म्हणाले, "बाई, ती बघून परत गेली तर संपलंच. पुन्हा यायची नाही. मला एकट्याने जेवायचा फार कंटाळा आलाय हो." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य, ज्यात निसर्ग नव्हता. मला वाईट वाटलं, आणि वहिनींनी राहावं असं मनापासून वाटलं.

वहिनी आल्या. पहिला आठवडा सर रोज हसत आले. दुसऱ्या आठवड्यात चेहरा उतरला.

"ती सुकत चाललीय," ते म्हणाले. "मी पोचतो तेव्हा दमलेली असते. बुटांना चिखल, हातांवर ओरखडे. काल डोळे लाल होते. जेवते आणि झोपते. बोलत नाही."

"मग विचारा ना काय झालं ते."

"विचारायचं काय त्यात? नवरा आहे मी तिचा. मला कळतं."

हे वाक्य मी माझ्या वडिलांकडून ऐकलंय, दोन्ही भावांकडून ऐकलंय, आणि ज्याच्याशी माझं लग्न होता होता राहिलं त्याच्याकडूनही ऐकलंय. न विचारता कळणारी ही जमात स्वतःचे मोजे मात्र बायकोला विचारल्याशिवाय शोधू शकत नाही. मी सरांना तीन वेळा सांगितलं, विचारा. तिन्ही वेळा त्यांनी मान अशी हलवली की हे बिनलग्नाच्या बाईला समजायचं नाही.

त्याच सुमारास माझ्या शेजारची खोली रिकामी झाली. खेळाचे शिक्षक गेले होते. शाळेत वर्षातून एकदाच जागा बदलून मिळते, आणि तो दिवस जवळ आला होता. सर मला न सांगता कारकूनबाईंकडे गेले, तळ्याकाठचं घर सोडतो असं लिहून दिलं आणि किल्ली घेऊन आले. चेहरा असा फुलला होता की मला आधी वाटलं बढती मिळाली.

"तुमचा शेजारी झालो, बाई! रविवारी तिला घेऊन येतो. तुमच्यासमोरच सांगतो. खूश होईल."

रविवारी दोघं आली. माझ्या खोलीत खुर्च्या दोन, म्हणून मी पलंगावर बसले. खाली टायरवाल्याचं यंत्र घरघरत होतं. वहिनींनी खिडकीतून गोदामाची भिंत बघितली आणि माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. सरांनी घसा साफ केला.

"आता तुला त्या डोंगरात कुढत राहायला नको," ते म्हणाले. "मी घर सोडलं. शेजारची खोली घेतली. शाळा समोर, बाजार खाली, बाई शेजारी!"

वहिनी सरांकडे वळल्या. "सोडलं म्हणजे?"

"सोडलं. लिहून दिलं."

"मी शुक्रवारी राजीनामा पाठवला," वहिनी म्हणाल्या.

"मग उत्तमच झालं की!"

"त्या घरासाठी पाठवला."

खाली कोणीतरी चाकात हवा भरत होतं. आमच्या खोलीतली सगळी गेली होती.

मग हळूहळू उलगडलं. डोंगरउतारावर घरमालकिणीची रोपवाटिका आहे, हे सरांना तीन वर्षांत ठाऊक नव्हतं. वहिनींना तिसऱ्या दिवशी कळलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण गुलाबाला कलम बांधायला भाषा लागत नाही. ओरखडे त्या काट्यांचे. चिखल वाफ्यांचा. डोळे लाल झाले ते घरमालकिणीच्या चुलीच्या धुराने, कारण दुपारी त्या दोघी तिथेच बसून जेवत. घरमालकिणीने शुक्रवारी कायमचं काम दिलं आणि वहिनींनी तिथल्या तिथे मोबाईलवरून राजीनामा पाठवला.

"दुपारी धुकं वर जातं," वहिनी म्हणाल्या. आवाज हळू होता. "सगळं तळं उघडं पडतं. मी बघत बसते. अहो, सव्वीस वर्षं मी खिडकीत बसून लोकांच्या नळाला पाणी का नाही ते ऐकलं. आणि इथे एवढं पाणी, आणि कोणाची काही तक्रार नाही." त्यांचे डोळे भरून आले. आता मात्र ते धुराने नव्हतं.

"मग बोलली का नाहीस?"

"आमच्याकडे काम पक्कं होईपर्यंत बोलत नाहीत. आज सांगणार होते, घरी गेल्यावर. तुम्ही का नाही विचारलंत?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा ठेवायला उठले. अशा वेळी तिसऱ्या माणसाने चहा ठेवावा आणि भांड्यांचा आवाज जरा जास्त करावा.

सोमवारी सर घर परत मागायला गेले. सोबत मीही गेले. कारकूनबाईंच्या टेबलापाशी संगीताचे नवे शिक्षक बसले होते. त्यांच्यासमोर तोच फोटो, तळं, झाडं, होडी, आणि फोटोवर त्यांचा अख्खा हात. सरांनी त्यांना बसची वेळ सांगितली. शेळी सांगितली. धुकं सांगितलं, तेही शिक्षकाच्या पद्धतीने, कारणांसह. संगीतमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आयुष्यभर भिंतीकडे बघत आलोय हो." घर त्यांना मिळालं.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. राजीनामा मंजूर व्हायचा होता, म्हणजे वहिनींना अजून मागे फिरता येत होतं. त्या शेजारच्या खोलीत येऊन राहिल्या, सामान लावलं, पण एक बॅग न उघडता दारापाशीच ठेवली. सर शाळेतून घरी जाताना जिन्यात थांबत आणि मला विचारत, "बॅग आहे का हो दारापाशी?" ते स्वतः बघायला घाबरत होते. मी म्हणायची, आहे, भरलेलीच आहे पण हललेली नाही, जा वर.

मग एका संध्याकाळी वहिनींनी ती उघडली. भिंत पातळ आहे, मला कान लावावा लागत नाही.

"राहते मी," त्या म्हणाल्या. "पण डोंगरावरचं काम सोडणार नाही. सकाळच्या बसने वर जाईन. आणि माझ्या मनातलं तुम्हाला न विचारता कळतं, असं यापुढे म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार," सर म्हणाले. एवढ्या लगेच ते कशालाच कबूल झालेले मी ऐकलेलं नाही.

तर आता असं आहे. भूगोलसर सकाळी आरामात उठतात आणि रस्ता ओलांडून शाळेत जातात. वहिनी त्याआधीच बसने गेलेल्या असतात आणि अंधार पडल्यावर परततात. रविवारी रोपवाटिकेत गिऱ्हाईक जास्त, म्हणून त्यांना सुट्टी बुधवारी, आणि बुधवारी सरांना सगळे तास. आठवड्याचे कपडे आणि बाजार रविवारी सरांकडे, त्यामुळे वर जायला त्यांना वेळ मिळत नाही. ग्रुपवर फोटो जायचे बंद झालेत. मामांनी विचारलं, "तळं आटलं का?" सरांनी उत्तर दिलं नाही.

पण संध्याकाळी ते स्वयंपाक करून ठेवतात, अर्धा कच्चा, अर्धा करपलेला, आणि दार उघडं टाकून बसतात. वहिनींची पावलं जिन्यात वाजली की पाणी पुढे करतात आणि विचारतात, "आज काय दिसलं?" वहिनी नखांतली माती काढत सांगत बसतात. कुठल्या झाडाची पानं गळाली, पलीकडच्या उतारावर ऊन किती वेळ होतं, पाण्याचा रंग कसा होता. दुसऱ्या दिवशी वर्गात सर तेच शिकवतात. मुलं म्हणतात, सर हल्ली छान शिकवतात.

परवा मी वह्या तपासत होते. शेजारून वहिनींचा आवाज आला.

"आज होडी पलीकडच्या काठाला होती."

मी लाल पेन खाली ठेवलं.

"हलते ती?" भूगोलसरांनी विचारलं.

"रोज हलते. दुपारी. तुम्ही तेव्हा झोपलेले असायचात."

मला वाटलं, आता सर काहीतरी कारण सांगणार, वाऱ्याचं किंवा प्रवाहाचं. पण खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"बरं," ते म्हणाले, "मग पुढे सांग."